पाणी आत राहता कामा नये

आमच्या मराठी मंडळाच्या पिकनिकला नवीन कुणी भेटलं की नावगाव विचारून झाल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "तुम्ही कुठल्या कंपनीत?" मी सांगायचे, "मी बोटीच्या मोटरी दुरुस्त करते." समोरचा हसायचा. त्याला वाटायचं मी विनोद केला. मग माझा नवरा श्रीकांत, जो खराखुरा आयटीतला आहे, शेजारून म्हणायचा, "नाही, खरंच करते." त्यानंतर बोलणं बहुतेक वेळा बटाटेवड्यांकडे वळायचं.

यंदा मनगटांनी साथ सोडली म्हणून काम थांबवलं आणि मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहायचं कबूल केलं. लिहायला बसल्यावर लक्षात आलं की इतक्या वर्षांत मी मंडळाच्या एकाही दिवाळीला वेळेवर पोचलेले नाही. त्याला कारण आहे. न्यू जर्सीच्या उत्तरेला, आम्ही राहतो त्या एडिसनहून तासाभराच्या अंतरावर, डोंगरात एक मोठं तळं आहे. तिथल्या वॉल्टरच्या बोटींच्या दुकानात मी नोकरी करत होते. उन्हाळा संपला की तळ्यावरच्या सगळ्या बोटी बाहेर येतात आणि थंडी कडक व्हायच्या आत प्रत्येकीची मोटर हिवाळ्यासाठी तयार करावी लागते. हे काम नेमकं दिवाळीच्या आगेमागे येतं. माझ्या मुलांनी ओक ट्री रोडवरच्या दुकानातला चिवडा खाऊन दिवाळ्या काढल्या आणि ओवाळताना त्यांच्या आईच्या हाताला उटण्याऐवजी गॅसचा वास यायचा. इथे पेट्रोलला गॅस म्हणतात. मुलांनी तक्रार केली नाही. पण ती दोघं लहान असतानाच्या एका तरी दिवाळीला सकाळभर घरी राहायला हवं होतं, असं आता वाटतं.

चिपळूणला माझ्या वडिलांचं ऑइल इंजिन आणि पाण्याचे पंप दुरुस्त करायचं वर्कशॉप होतं आणि मी रत्नागिरीला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला होता, एवढं माझ्या शिक्षणाबद्दल पुरे.

आता ही मोटर म्हणजे काय ते सांगते. छोट्या नावेच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेली असते ती. वर इंजिन, खाली पाण्यात पंखा, मधे लांब मान. तळ्याचंच पाणी ती खालून ओढून घेते, इंजिन गार करते आणि बाजूच्या भोकातून पिचकारीसारखं बाहेर टाकते. उन्हाळ्यात तिला काही होत नाही. घात होतो तो हिवाळ्यात. पाणी गोठलं की फुगतं आणि फुगताना ते लोखंड बघत नाही, अ‍ॅल्युमिनियम बघत नाही, फोडून टाकतं. गॅस महिनोन् महिने कार्ब्युरेटरमध्ये पडून राहिला तर त्याचा चिकट गोंद होतो आणि बारीक छिद्रं बुजतात. म्हणून मोटर ठेवून देण्याआधी गॅसमध्ये तो टिकण्याचं औषध घालायचं, मोटर चालवून ते आतपर्यंत पोचवायचं, मग गॅसची नळी काढून शेवटच्या थेंबापर्यंत चालू द्यायची. ती बंद पडता पडता कार्ब्युरेटरच्या तोंडाशी एका खास तेलाचा फवारा मारायचा. भसकन पांढरा धूर येतो. त्या तेलाचा पातळ थर आत बसतो आणि गंज धरत नाही. बाळंतिणीला धुरी देतात ना, तशीच ही मोटरीची धुरी. मग प्लग काढून तिथेही तेल, खालच्या गिअरचं जुनं तेल काढून नवं, आणि शेवटी मोटर उभी ठेवायची, म्हणजे आतलं पाणी निथळून जातं. आडवी ठेवली तर जिथे राहू नये तिथे पाणी राहतं.

लोक काय काय करतात! एक गृहस्थ मोटर गोधडीत गुंडाळून आणायचे. थंडीपासून जपतोय, म्हणायचे. गोधडी त्यांच्या आईनं शिवलेली, त्यामुळे मला त्यांना हसावंसं वाटलं नाही. एका जोडप्यानं पाहुण्यांच्या बाथटबमध्ये मोटर आडवी ठेवली आणि थँक्सगिव्हिंगला पाहुणे आल्यावर त्यांना आंघोळीला शेजाऱ्यांकडे पाठवलं. असे पुष्कळ. पण मला सांगायचंय ते निर्मलाकाकूंबद्दल.

आमच्या तळ्याच्या मधोमध एक छोटं बेट आहे. त्यावर दहाबारा घरं. पूल नाही. जायचं तर नावेनं. वसंतात लोक राहायला जातात आणि पानं गळायला लागली की पाणी-वीज बंद करून परत येतात. त्यातलं एक घर डॉक्टरकाकांचं आणि निर्मलाकाकूंचं. डॉक्टरकाका एडिसनमधले फार जुने सर्जन, इथे मराठी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती तेव्हा आलेले. काकू नागपूरच्या. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ततपासणीचं काम करून रिटायर झालेल्या. दोघं सहा महिने बेटावर राहायचे. नाव, मोटर हा सगळा काकांचा प्रांत. काकू नावेत पुढे पिशव्या मांडीवर घेऊन बसायच्या, हे मी कितीदा बघितलं होतं.

एका सप्टेंबरात काका आजारी पडले आणि हिवाळा संपायच्या आत गेले. त्या गडबडीत नाव किनाऱ्यावर ताडपत्रीखाली तशीच राहिली. मोटर तयार करायचं कुणाला सुचणार?

एप्रिलमध्ये काकू आणि त्यांची मुलगी रीवा ती नाव घेऊन आमच्या दुकानात आल्या. रीवा इथेच जन्मलेली, व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला एका डेटा सेंटरमध्ये मोठ्या हुद्द्यावर. तिला नाव विकायची होती, पाठोपाठ घरही. "आय जस्ट वाँट टू नो इफ इट रन्स," ती म्हणाली.

मी खाली वाकून बघितलं आणि मला उत्तर द्यायची गरज उरली नाही. गिअरच्या पेटीला खालपासून वरपर्यंत तडा गेला होता. तळाच्या स्क्रूचं वॉशर झिजलेलं, तिथून पाणी आत शिरलेलं. मी त्यांना तडा दाखवला.

रीवा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "मॉम, इट्स अ साइन. लेट इट गो."

काकू खाली बसल्या. त्या तड्यावरून त्यांनी बोट फिरवलं. "माधवी, हे कशानं झालं?"

"पाणी आत राहिलं काकू. गोठलं, फुगलं, फुटलं."

"म्हणजे हिवाळ्याच्या आधी कुणी ते पाणी काढलं असतं तर फुटलं नसतं?"

"नसतं."

"मग यात साइन कसली?" काकू उठल्या. "कुणी काढलं नाही म्हणून फुटलं. मला काढायला शिकव."

रीवाला वाटलं आई दुःखात काहीतरी बोलतेय. मलाही तसंच वाटलं. काकूंचं वय तेव्हा पंचाहत्तरच्या पुढे, बोटांचे सांधे सुजलेले, उजवा खांदा दुखरा. रीवानं त्यांच्यासाठी अ‍ॅशबर्नच्या घराचं बेसमेंट सुंदर करून घेतलं होतं. वेगळी बाथरूम, छोटं देवघर, मोठा टीव्ही. मुलगी वाईट नव्हती हो. वडील गेल्यावर आई एकटी नावेतून ये-जा करणार म्हटल्यावर कुठल्या लेकीचा जीव थाऱ्यावर राहील?

"आई तळ्याच्या मधे असताना हे बंद पडलं तर?" असं ती इंग्रजीत मला विचारत होती. "तुम्ही तुमच्या आईला हे करू द्याल?"

मी खरं तेच सांगितलं. "माझी आई पाण्याला भिते. ती मागणारच नाही. पण ह्यांनी शिकव म्हटलंय. शिकवून बघितल्याशिवाय त्यांना जमणार नाही, असं मी म्हणणार नाही."

काकूंनी तेवढ्यात विषय संपवला. "ही माझी लेक आणि तो माझा लेक. तुम्ही इंग्रजीत तळ्याला लेकच म्हणता ना? रीवा, एकीपायी दुसरा सोडायला लावू नको मला."

बऱ्याच वादानंतर मायलेकींचं ठरलं. एक उन्हाळा. काकूंनी नाव स्वतः चालवायची. ऑक्टोबरमध्ये मोटर स्वतःच्या हातानं हिवाळ्यासाठी तयार करायची, रीवासमोर, कुणी काही न सांगता. आणि पुढच्या एप्रिलमध्ये ती मोटर काकूंच्या हातानं सुरू झाली पाहिजे. नाही झाली, तर घर विकायच्या कागदांवर सही. काकू म्हणाल्या, "चालेल."

वॉल्टरला हे पसंत नव्हतं. तो अबोल, जाडजूड, मनानं चांगला माणूस, पण दुकान त्याचं. "म्हातारीला काही झालं तर लोक तुझं नाव घेतील, माझंही घेतील," तो म्हणाला. मी म्हटलं, सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा मी माझ्या वेळात शिकवेन. मोडीत निघालेल्या एका तशाच मोटरीची गिअरची पेटी त्यानं मागच्या शेडमधून आणून माझ्या टेबलावर ठेवली. ती मी काकूंच्या मोटरीला बसवली.

पहिला डोंगर दोरीचा होता. ही मोटर किल्लीनं सुरू होत नाही, दोरी ओढावी लागते. काकूंनी ओढली, ती वीतभर आली आणि परत गेली. पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा त्यांनी खांदा धरला आणि डोळ्यांत पाणी आलं, ते दुखल्यामुळे की रागानं, मला कळलं नाही.

मी प्लग काढून टाकले. प्लग नसले की आत हवा दाबली जात नाही, दोरी सुतासारखी येते. म्हटलं, आधी नुसती चाल शिका. हळूच ओढायची, कुठेतरी ती अडते, तिथे थांबायचं, आणि तिथून एकच झटका. हातानं नाही ओढायची, मागे झुकून अंगाच्या वजनानं ओढायची. काकू म्हणाल्या, "अगं, हे तर विहिरीचं पाणी काढणं झालं! नागपुरात आम्ही पोहरा असाच ओढत होतो. आधी का नाही सांगितलं? मी आपली हातानं ओढून राहिली." दर सोमवारी त्या यायच्या, प्लग नसताना ओढायच्या. मग मी एक प्लग लावला. मग दुसरा. मे महिना निम्मा झाल्यावर एका सोमवारी मोटर खाँक करून सुरू झाली आणि काकू दचकून मागच्या फळीवर बसल्या. मी टाळ्या वाजवल्या. त्या म्हणाल्या, "बंद कर. पुन्हा करू दे. एकदा तर कुणालाही होते."

उन्हाळा बरा चालला होता. काकू आठवड्यातून दोनदा नाव घेऊन यायच्या, किराणा घ्यायच्या, लायब्ररीत जायच्या, माझ्यासाठी कधी वांग्याचं भरीत आणायच्या. मग ऑगस्टमध्ये एका दुपारी रीवाचा फोन आला. बेटावरच्या शेजाऱ्यानं तिला कळवलं होतं की तिची आई तळ्याच्या मधोमध मोटर बंद पडून वल्ही मारत आली, दोन्ही हात सोलवटून घेऊन.

"यू टोल्ड मी शी कुड डू धिस," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर मी शेडमध्ये जाऊन बसले. मला खरोखर प्रश्न पडला. एका बाईचा हट्ट मला आवडला म्हणून मी त्याला खतपाणी घालत होते का? मोटरीचं मला कळतं. माणसाचं किती कळतं?

दोन दिवसांनी काकू आल्या, नाव शेजाऱ्याच्या नावेमागे बांधून, दोन्ही तळव्यांना पट्ट्या. मी काही विचारायच्या आत त्यांनी सांगायला सुरुवात केली, एखादा रिपोर्ट वाचावा तशी. "निम्म्यावर आले आणि पिचकारी बारीक झाली. मग थेंब थेंब. तू म्हणाली होती, पिचकारी थांबली की मोटर गार होत नाही. मी लगेच बंद केली. मोटर वर उचलून बघितलं, खाली प्लॅस्टिकची पिशवी अडकलेली. हात पोचेना. खूप वाकले असते तर पडले असते. म्हणून वल्ही काढली."

"चालू ठेवून यायचा मोह नाही झाला?"

"झाला ना. पाचसात मिनिटांचं तर अंतर होतं."

मी मोटर तपासली. आत पाणी खेचणारी रबराची छोटी चक्री असते, ती कोरडी फिरली की जळते. ती शाबूत होती. पिशवी काढल्यावर पिचकारी पहिल्यासारखी उडाली. मी रीवाला फोन केला आणि म्हटलं, "तुझ्या आईनं जे केलं तेच मी केलं असतं. हात सोलले, हे खरं आहे. पण तिनं स्वतःला धोक्यात घातलं नाही आणि मोटरही घालवली नाही." मग रीवा म्हणाली, "शी इज सेव्हंटी-सिक्स." मी म्हटलं, "हो." मी त्या दिवशी नावेत एक लांब दांड्याचा आकडा ठेवला आणि काकूंना सांगितलं, आता वाकायचं नाही, याने ओढून काढायचं.

ऑक्टोबर आला. डोंगर लाल-पिवळे झाले. ठरलेल्या रविवारी नाव ट्रेलरवर चढवून आमच्या अंगणात उभी केली होती. रीवा सकाळीच अ‍ॅशबर्नहून निघून दुपारी पोचली. तिला दुसऱ्या दिवशी महत्त्वाची मीटिंग होती, संध्याकाळी परतायचं होतं. ती हात खिशात घालून एका बाजूला उभी राहिली. मी दुसऱ्या बाजूला, तोंड बंद ठेवायचं कबूल करून. मेकॅनिकला याहून मोठी शिक्षा नाही. वॉल्टर दारातून बघत होता, पण बघत नाही असं दाखवत होता.

काकूंनी डॉक्टरकाकांचा जुना स्वेटर घातला होता, बाह्या दुमडून. त्यांनी पाण्याची नळी लावली. पाण्याशिवाय मोटर चालवायची नसते. दोरी ओढली, दुसऱ्या झटक्याला मोटर सुरू झाली. औषध घातलेला गॅस आत जाऊ दिला, पिचकारीखाली हात धरून पाणी कोमट झालेलं बघितलं. गॅसची नळी काढली, फवारा मारला. पांढरा धूर अंगणभर पसरला आणि मोटर खोकत खोकत थांबली. प्लग काढताना पाना बोटांतून दोनदा निसटला. रीवा पुढे सरकली, मग स्वतःहून थांबली. काकूंनी फडक्यात पाना गुंडाळला, म्हणजे धरायला जाड झाला, आणि प्लग काढला. हे मी शिकवलं नव्हतं.

मग गिअरचं तेल. काकू छोट्या स्टुलावर बसल्या. त्या पेटीला दोन स्क्रू असतात, एक खाली, एक वर. तेलाच्या डब्याला जशी दोन भोकं पाडावी लागतात, एकातून हवा जाते तेव्हा दुसऱ्यातून तेल येतं, तसंच. त्यांनी दोन्ही सोडले. तेल खालच्या भांड्यात पडायला लागलं.

ते पांढरट होतं. दूध घातल्यासारखं.

मला बघताक्षणी कळलं. तेलात पाणी होतं, म्हणजे पाणी कुठूनतरी आत येत होतं. नवं तेल भरून स्क्रू लावले असते तर वरून काही कळलं नसतं. रीवाला त्यातलं काही कळत नव्हतं. तिच्या दृष्टीनं तेल बाहेर आलं, आता नवं आत जाणार, काम फत्ते. मी काकूंकडे बघितलंसुद्धा नाही, न जाणो माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळायचं.

काकूंनी भांडं उजेडात धरलं. पांढऱ्या कागदावर एक थेंब घेतला, पसरवला, चष्मा वर करून अगदी जवळून बघितला. आयुष्यभर काचपट्ट्या बघितलेली बाई ती. मग भांडं खाली ठेवलं, उठल्या आणि पंख्याची खीळ काढून पंखा बाहेर ओढला. मागे दांड्याभोवती मासे पकडायची बारीक दोरी करकचून गुंडाळलेली होती. तळ्यात कुणाची तरी तुटलेली, ओढली गेली असणार. तिनं दांड्यापाशी पाणी अडवणारं रबराचं सील कापलं होतं.

"रीवा," काकू म्हणाल्या, "आज होणार नाही हे."

"व्हॉट डू यू मीन?"

"सील गेलंय. पाणी आत येतंय. ते बदलायचं, हवा भरून बघायचं, मगच तेल. दुकानात सील असेल, पण आज सगळं नाही होत."

रीवानं घड्याळाकडे बघितलं. "सो इट्स नॉट डन."

"नाही झालं."

"मॉम, तुला माहितीये याचा अर्थ काय..." हे वाक्य ती मराठीतून म्हणाली.

"माहीत आहे. पण झालं नाही त्याला झालं म्हणू का मी?"

आता मला गप्प राहणं शक्य नव्हतं. मी रीवाला जवळ बोलावलं आणि भांड्यातलं तेल दाखवलं. म्हटलं, "तुझ्या आईनं हे बघितलं नसतं आणि नवं तेल भरलं असतं, तरी तुला ते झालंच वाटलं असतं. हिवाळ्यात ही पेटी फुटली असती, मागच्या वेळेसारखीच. मी आज काही सांगायचं नाही असं ठरलं होतं आणि मी सांगितलं नाही. तिनं स्वतः शोधलं."

रीवा त्या पांढऱ्या तेलाकडे बघत होती. एप्रिलमध्ये तडा बघितला होता तशीच. मग फोन काढून ती गेटपर्यंत चालत गेली. परत आल्यावर म्हणाली, "मीटिंग कॅन्सल केली. उद्या किती वाजता?"

दुसऱ्या दिवशी सोमवार, दुकान बंद, आम्ही तिघीच. सील काढायला बारीक आकड्यानं जोर लावावा लागतो. काकूंच्या बोटांना ते होईना. त्यांनी दोनदा प्रयत्न केला आणि आकडा रीवापुढे धरला. "मी सांगते, तू कर."

"पण तू स्वतः करायचं ठरलं होतं."

"डोकं माझंच आहे. बोटं तुझी घेते. तीही मीच दिलेली आहेत."

रीवानं अंगठ्या काढून खिशात टाकल्या. जुनं सील निघता निघेना. तिनं इंग्रजीत अशा काही शिव्या घातल्या की मी ऐकलंच नाही असं दाखवलं. काकूंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "हां, आता निघेल." निघालं. नवं सील ग्रीस लावून, सरळ बसवून हलक्या हातानं ठोकायचं असतं. तिरकं बसलं तर गेलं. काकू स्टुलावर बसून सांगत होत्या, थांब, डावीकडून वर आहे, तिथे ठोक, बास. मग आम्ही पेटीत पंपानं हवा भरली आणि काट्याकडे बघत उभ्या राहिलो. काटा हलला नाही, म्हणजे हवा कुठूनही गळत नव्हती. काकूंनी नवं तेल खालून भरलं, वरच्या भोकातून दिसेपर्यंत, वरचा स्क्रू आधी आणि खालचा नंतर लावला, दोन्हींना नवी वॉशर.

जाताना रीवा हात धुवत म्हणाली, "एप्रिलचं अजून बाकी आहे हं. डील इज अ डील." तिच्या नखांत काळं राहिलं होतं.

आमच्या धंद्याची ही एक गंमत म्हणा की जाच म्हणा, काम आज होतं आणि निकाल वसंतात लागतो. मधल्या काळात काहीच करता येत नाही. काकू अ‍ॅशबर्नला बेसमेंटमध्ये होत्या. जानेवारीत त्यांचा फोन आला. "इथे बर्फ पडून राहिलंय. तिकडे?"

"इथे तर तळं पार गोठलंय. लोक त्यावर चालतायत."

"मोटर?"

"शेडमध्ये. उभी आहे. झाकलेली."

"तू हात लावला नाहीस ना?"

"नाही काकू." खरं तर रोज तिच्यासमोरून जाताना हात शिवशिवायचा. एक प्लग काढून बघावा, दोरी हळूच फिरवून बघावी. वॉल्टर म्हणायचा, "बघ की, कुणाला कळतंय?" मी बघितलं नाही. ती मोटर माझी नव्हती आणि ते कामही माझं नव्हतं.

एप्रिलमध्ये बर्फ वितळलं. आम्ही नाव पाण्यात सोडली, धक्क्याला बांधली. काकू आणि रीवा गाडीतून उतरल्या तेव्हा वारा बोचरा होता. काकू थोड्या बारीक झाल्या होत्या, चालणं मंदावलं होतं. माझ्या मनात आलं, खांदा राहिला असेल ना? त्यांनी गॅसची नळी जोडली, तिच्यावरचा रबरी फुगा दाबून गॅस वर चढवला, चोक ओढला. दोरी अडेपर्यंत आणली. झटका दिला.

काही नाही.

दुसरा झटका. मोटर एकदा खोकली आणि गप्प. रीवा धक्क्यावर माझ्याशेजारी उभी होती. काकू बसल्या, खांदा चोळला, तळ्याकडे बघितलं. परत उठल्या. तिसऱ्या झटक्याला मोटर पेटली, जुन्या तेलाच्या पांढऱ्या धुराचा लोट आला, आणि त्या धुराखालून पिचकारी सुरू झाली, सरळ आणि जाड.

"येस!" रीवा ओरडली. तिनंच आधी ओरडावं, हे तिलाही अनपेक्षित होतं. तिनं तोंडावर हात ठेवला.

काकूंनी धक्क्याला बांधलेला दोर सोडला आणि नाव घेऊन निघाल्या. लेक धक्क्यावर, बॅगा धक्क्यावर, आणि काकू तळ्यावर. त्यांनी मागे वळून बघितलंसुद्धा नाही. मोठा वळसा घेतला, मोटरीचा आवाज ऐकत, कधी हळू, कधी जोरात. मग परत आल्या आणि नाव हलकेच धक्क्याला लावली.

"ये," त्या रीवाला म्हणाल्या. "बॅगा मधे ठेव. मागे बस, माझ्या जागी."

रीवा उतरून बसली. काकूंनी हात लांब केला आणि चालू मोटर बंद केली.

"मॉम! बंद का केलीस?"

"तुला सुरू करायची आहे म्हणून."

काकू पुढच्या फळीवर जाऊन बसल्या. रीवानं दोरी हातात घेतली, ओढली. काही झालं नाही. पुन्हा ओढली, तरी नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, मी बॅगा बघायला लागले. काकू बेटाकडे तोंड करून, पिशव्या मांडीवर घेऊन, स्वस्थ बसून होत्या. त्यांना कसलीही घाई नव्हती.